मोफत रस्त्याचें मोल

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीं मुंबईच्या पांचहि प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशीं आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षांत एका सहकाऱ्यांनीं पेढे वाटले. मी मुलुंडला राहतों व ठाण्यास शिकवितों. घर आणि महाविद्यालय ह्यांच्या मधोमध नाका. खेपेमागें ४५ रुपये वाचले ह्या आनंदांत मीहि सामील झालों आणि एक सोडून दोन पेढे खाल्ले, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें ज्या वर्गाविरुद्ध आहे, त्या वर्गाच्या यादींत प्रस्तुत लेखकाचें नांव पहिल्याच पानावर आहे.

ह्यानंतर सातच महिन्यांनीं, ९ मे २०२५ रोजीं, 'बेस्ट'च्या साध्या बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये आणि वातानुकूलित बसचें ६ रुपयांवरून १२ रुपये झालें. त्या दिवशीं प्राध्यापक-कक्षांत कोणी अवाक्षर काढलें नाहीं. बोलल्या त्या आमच्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाई. त्या भांडुपहून बसनें येतात. माझ्या पत्नीस म्हणाल्या, "वहिनी, आता बसलाच महिन्याचे अडीचशे जास्त जातात. तेवढं बघा कायतरी." पत्नीनें तेवढे वाढवून दिले आणि माझ्याकडे वळून विचारलें, "तुमच्या टोलचे वाचलेले कुठं गेले हो?" ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

एकाच शहरांत, एकाच रस्त्यावर, सात महिन्यांच्या अंतरानें ह्या दोन गोष्टी घडल्या. जो एकटा चार चाकांवर बसून दहा माणसांची जागा अडवितो त्याचा आकार गेला. जी पन्नास जणांत दांडीला धरून उभी राहते तिचें भाडें दुप्पट झालें. ह्या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं असें सांगणारे विद्वान् मला भेटले आहेत. टोल हा राज्य सरकारचा विषय, बस ही महापालिकेच्या उपक्रमाची बाब, असें ते म्हणतात. खातीं दोन असतील. परंतु ज्या डांबरावरून दोन्ही वाहनें धांवतात तें डांबर एकच आहे, आणि त्या डांबरावरील जागा कोणास काय मोलानें द्यावयाची हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे, कारण ह्या घोळावरच सारा वाद उभा आहे. टोल, ज्यास सरकारी मराठींत पथकर म्हणतात, हा बांधकामाचा खर्च वसूल करण्याचा उपाय आहे. पूल बांधला, त्यासाठीं कर्ज काढलें, तें फिटेपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पैसे घेतले. कर्ज फिटलें कीं नाका उठला पाहिजे. मुंबईचे नाके हे शहरांतील पंचावन्न उड्डाणपुलांच्या खर्चापायीं आले. 'पुलांचे पैसे वसूल झाले असतील तर नाका कशाला?' हा लोकांचा प्रश्न पथकराच्या दृष्टीनें अगदीं रास्त होता. परंतु मार्गमूल्य ही निराळी वस्तु आहे. तें रस्ता बांधण्याबद्दल घ्यावयाचें नसून गर्दीच्या वेळीं रस्त्याची दुर्मिळ जागा अडविल्याबद्दल घ्यावयाचें असतें. बांधकामाचें कर्ज एक दिवस फिटतें. गर्दी फिटत नाहीं. म्हणून पथकर उठविणें हें कर्तव्य ठरूं शकतें, आणि त्याच जागीं, त्याच क्षणीं, मार्गमूल्य सुरू करणें हेंहि कर्तव्य ठरूं शकतें. आपल्या राज्यकर्त्यांनीं पहिलें केलें व दुसऱ्याचा विचारहि केला नाहीं. पांचहि नाक्यांवर वसुलीची सारी व्यवस्था होती आणि मोटारींच्या कांचांवर फास्टॅगच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या. असें आयतें हातीं आलेलें साधन सोडून देण्यांत आलें आणि त्याला लोककल्याण हें नांव मिळालें.

मार्गमूल्याची कल्पना कालची नव्हे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू ह्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दोन गांवांना जोडणाऱ्या दोन रस्त्यांचा एक साधा दृष्टांत दिला आहे. चांगल्या रस्त्यावर जो तो स्वतःची सोय पाहून शिरतो आणि शेवटीं तो रस्ता इतका दाटतो कीं चांगलेपणाचा लाभ कोणासच मिळत नाहीं. त्यांतल्या थोड्या गाड्या कर लावून दुसरीकडे वळविल्या तर वळलेल्यांचें फारसें बिघडत नाहीं आणि उरलेल्यांचें मात्र पुष्कळ साधतें. ह्यांतील मर्म असें कीं, रस्त्यावर येणारा प्रत्येक नवा मोटारवाला स्वतःस होणारा उशीर मोजतो, परंतु स्वतःमुळें मागच्या दोनशें जणांस होणारा उशीर तो मोजीत नाहीं. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्याला त्याचें बिल कोणी दाखवीत नाहीं म्हणून. पुढें विल्यम विकरी ह्यांनीं हाच विचार शहरांच्या वाहतुकीस लावण्याचा आयुष्यभर आग्रह धरला. त्यांना १९९६ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, आणि तीनच दिवसांनीं ते वारले.

येथें कोणी म्हणेल, 'अहो, रस्ता फुकट आहे तो फुकटच राहूं द्या कीं. सगळ्याच गोष्टींचा बाजार कशाला?' भावना उदात्त आहे, पण तिचा पाया चुकीचा आहे. गर्दीच्या वेळीं रस्ता फुकट नसतोच. त्याची किंमत पैशांत न घेतां वेळांत घेतली जाते, इतकाच भेद. जुन्या पिढीला रेशनच्या रांगा आठवत असतील. जिन्नस थोडा आणि मागणारे पुष्कळ असले म्हणजे वांटणी किंमतीनें होते, नियमानें होते किंवा रांगेनें होते. आपण रस्त्याची वांटणी रांगेवर सोडली आहे. ह्या तीन रीतींत रांगेसारखी उधळी रीत दुसरी नाहीं. पैशांत दिलेली किंमत निदान कोणाच्या तरी हातीं पडते. सरकारच्या हातीं पडली तर तींतून बस घेतां येते. परंतु सायनच्या चौकांत एक तास उभें राहून मीं जो वेळ दिला तो कोणासच मिळत नाहीं. तो जळून जातो, आणि त्याच्याबरोबर बाहेरून आणलेलें तेलहि जळतें. त्याचा धूर मोटारीच्या बंद कांचेआड बसलेल्या माझ्या छातींत जात नाहीं, थांब्यावर उभ्या असलेल्या बाईंच्या छातींत जातो. रांगेचा न्याय सर्वांस सारखा असें म्हणतात, तेंहि खोटें आहे. मोटारींमुळें झालेल्या रांगेंत बसहि उभी असते. ज्यांनीं गर्दी केली नाहीं तेहि गर्दीची शिक्षा भोगतात. लोकलच्या दारांत लोंबकळणाऱ्याची गोष्ट तर बोलूंच नये. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गावर २०२३ सालीं दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं. मोफत रस्त्याच्या हिशेबाचीं हीं पानें आपण कधीं उघडीत नाहीं.

दुसरा उपाय नेहमीं सुचविला जातो तो असा कीं रस्ते वाढवावे. तो आपण मनःपूर्वक करून पाहिला आहे. पंचावन्न पूल झाले. गर्दी पुलाखालून पुलावर गेली आणि पुन्हां खालींहि भरली. रस्ता रुंद झाला कीं पूर्वीं जे लोकलनें जात, सकाळीं लवकर निघत किंवा जाणेंच टाळीत, ते मोटार काढतात. थोड्याच काळांत नवी जागा भरते आणि आणखी रुंदीची मागणी सुरू होते. २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्यानें खुला झालेला मुंबईचा किनारी रस्ता पाहा. सुमारें १४,००० कोटी रुपये महापालिकेनें त्यावर घातले. त्यावर टोल नाहीं, आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथें मज्जाव आहे. म्हणजे तो मुख्यतः मोटारवाल्यांस दिलेला अहेर झाला. त्या रस्त्यानें नफा किती केला असें कोणी विचारीत नाहीं. परंतु बेस्ट तोट्यांत आहे हें वाक्य लहान मुलासहि पाठ आहे. एकेकाळीं चार हजारांहून अधिक बसगाड्या बाळगणारा हा उपक्रम २०२५ सालीं तीन हजारांच्या खालीं आला. मोटारीवरील खर्चास आपण विकास म्हणतों आणि बसवरील खर्चास तूट म्हणतों. शब्दांच्या ह्या दुटप्पीपणांत आमच्या वर्गाचें सारें अर्थशास्त्र सामावलें आहे.

आतां, हें जगांत कोठें चालतें काय? चालतें, आणि पन्नास वर्षें चाललें आहे. सिंगापूरनें १९७५ च्या जून महिन्यांत शहराच्या मध्यभागाभोंवतीं रेषा आंखली आणि सकाळच्या गर्दींत ती ओलांडणाऱ्या मोटारीस दिवसाला ३ डॉलरांचा कागदी परवाना लावला. तेथें ना संगणक होता, ना कॅमेरा. रस्त्याच्या कडेला शिपाई उभा राहून कांचेवरील कागद पाही. चार माणसें घेऊन येणाऱ्या मोटारीस त्या वेळीं माफी होती. गर्दीच्या वेळचीं वाहनें चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झालीं. १९९८ सालीं तेथें विजेच्या यंत्रांनीं आकारणी सुरू झाली आणि वेळेनुसार दर बदलूं लागला. लंडननें १७ फेब्रुवारी २००३ रोजीं ५ पौंडांचा आकार सुरू केला, आणि त्याआधीं रस्त्यावर जादा बसगाड्या आणून ठेवल्या. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे: आधीं बस, मग आकार. उत्पन्न वाहतुकीवरच खर्चावें असें कायद्यानें बांधून घेतलें. तो आकार वाढत वाढत २०२० सालीं १५ पौंडांवर गेला.

मला सर्वांत बोधप्रद वाटतें तें स्टॉकहोमचें उदाहरण. तेथें बहुसंख्य नागरिक ह्या योजनेच्या विरुद्ध होते. सरकारनें व्याख्यानें देण्याऐवजीं २००६ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत ती प्रत्यक्ष चालवून दाखविली. रेषा ओलांडणारीं वाहनें सुमारें वीस टक्क्यांनीं घटलीं. जुलैअखेर प्रयोग थांबला, गर्दी परत आली, आणि मग सप्टेंबरांत लोकांचें मत घेतलें. शहरानें थोड्या मताधिक्यानें होकार दिला. २००७ च्या ऑगस्टपासून तो आकार कायम झाला. पांचांतली एक मोटार कमी झाली कीं रांग एक-पंचमांशानें नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक घटते, हें डोळ्यांनीं पाहिल्यावर वाद आपोआप मिटला. मिलानच्या नागरिकांनीं २०११ सालीं मतदानानें अशा आकाराच्या विस्तारास मोठ्या बहुमतानें संमति दिली आणि २०१२ च्या जानेवारींत तेथें नवी योजना आली. न्यूयॉर्कची कथा अधिक गमतीची. २०२४ च्या जूनमध्यें गव्हर्नरबाईंनीं ऐन वेळीं कच खाऊन योजना रोखली. निवडणूक आटोपल्यावर १५ डॉलरांचा ठरलेला आकार ९ डॉलरांवर आणून ५ जानेवारी २०२५ पासून ती सुरू केली. वॉशिंग्टनच्या सरकारनें ती मोडण्याचा घाट घातला व प्रकरण न्यायालयांत गेलें. इकडे रस्त्यावरचीं वाहनें मात्र घटलीं.

अपयशाचीं उदाहरणेंहि सांगितलीं पाहिजेत. एडिंबरोच्या मतदारांनीं २००५ सालीं अशी योजना जवळजवळ तीन-चतुर्थांश मतांनीं फेटाळली. तेथें प्रयोग आधीं न करतां प्रश्न आधीं विचारला गेला होता. लंडनमध्येंहि पहिल्या कांहीं वर्षांचा मोकळेपणा पुढें टिकला नाहीं; मोटारी कमी झाल्या तरी भाड्याच्या गाड्या, मालाच्या गाड्या, रस्त्यांवरील खोदकामें आणि लोकसंख्या वाढत गेली. एवंच, मार्गमूल्य ही संजीवनी नव्हे. तें एक औषध आहे. मात्रा वेळोवेळीं बदलावी लागते आणि पथ्य पाळावें लागतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप आमच्या मित्रमंडळींत फार लोकप्रिय आहे: 'ह्यानें गरिबाचें मरण ओढवेल, रस्ता श्रीमंतांचा होईल.' गरिबाविषयींचा हा कळवळा मोटारींत बसून व्यक्त केला जातो हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. मुंबईचा गरीब मोटारीनें जात नाहीं. तो पायीं जातो, बसनें जातो, लोकलनें जातो. मोटारीवरील आकार त्याच्या खिशाला शिवतहि नाहीं. उलट त्याची बस मोकळी करतो. रस्ता आजच श्रीमंतांचा आहे, फक्त त्याचें भाडें गरीब भरतो. ॲडम स्मिथसारख्या बाजारपेठेच्या पुरस्कर्त्यानेंहि १७७६ सालीं असें लिहून ठेविलें आहे कीं चैनीच्या गाड्यांवर उपयोगाच्या गाड्यांपेक्षां अधिक टोल ठेवला तर श्रीमंतांचा आळस व डौल गरिबांच्या उपयोगीं पडतो. आपण २०२४ सालीं नेमकें उलटें केलें. धान्य-भाजी आणणाऱ्या अवजड मालमोटारींचा टोल ठेवला, आणि मला एकट्याला घेऊन जाणाऱ्या मोटारीचा सोडला. तथापि ह्या आक्षेपांत सत्याचा एक अंश आहे, तो नाकारूं नये. दुचाकीवरून डबे व पार्सलें पोंचविणारा तरुण, रिक्षावाला, अपंग मनुष्य, रुग्णास घेऊन निघालेला गृहस्थ, ह्यांस हा आकार जाचक होईल. त्यांस सूट द्यावी. ती देणें मुळींच अवघड नाहीं. परंतु त्यांच्या आडून मला सूट मागतां येणार नाहीं.

दुसरा आक्षेप: 'आम्ही गाडी घेतांना कर भरला, पेट्रोलवर कर भरतों, आणखी किती?' कर पुष्कळ आहे हें खरें. परंतु पेट्रोलवरचा कर सोलापूरच्या माळावर पहाटे जळलेल्या लिटरांत आणि दादरच्या पुलावर सकाळीं नऊ वाजतां जळलेल्या लिटरांत भेद करीत नाहीं. पहिल्यानें कोणाची वाट अडत नाहीं, दुसऱ्यानें हजारोंची अडते. न्यायच पाहिजे असेल तर खेड्यांतल्या मोटारवाल्यावरचा भार हलका करून शहरांतल्या गर्दीवर टाकावा, ह्याला माझी संमति आहे. आणि विजेच्या मोटारी वाढत जातील तसतसा पेट्रोलचा कर आटतच जाणार. तेव्हां हा आक्षेप आपोआप निराधार होईल.

विजेच्या मोटारींचा विषय निघालाच आहे तर त्याविषयींहि बोललें पाहिजे, कारण सुशिक्षितांत अलीकडे ही एक नवी पळवाट निघाली आहे. विजेची मोटार घेतली कीं पर्यावरणाचें ऋण फिटलें असें समजून लोक निश्चिंत होतात, आणि महाराष्ट्र सरकारनेंहि २०२५ च्या धोरणानें कांहीं मोठ्या मार्गांवर तिला टोलमाफी दिली. तिच्या मागून धूर निघत नाहीं हें मान्य. परंतु ती जागा तेवढीच अडविते, बसला तेवढीच अडविते, आणि तिच्या चाकांची धूळहि उडतेच. लंडननें विजेच्या मोटारींस दिलेली पूर्ण माफी २०२५ च्या अखेरीस काढून घेतली, ती ह्याच अनुभवानें. धुराचा प्रश्न आणि जागेचा प्रश्न हे दोन आहेत. एकाचें उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाहीं.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे: 'मोटार सोडून जावें कोठें? लोकल आधींच ओसंडते आहे.' उत्तर असें कीं सर्वांनीं मोटार सोडावयाचीच नाहीं. पांचांतल्या एकानें, तीहि गर्दीच्या दोन-तीन तासांपुरती, सोडली तरी पुरे. शिवाय त्याला लोकलमध्यें कोंबावयाचें नसून बसमध्यें बसवावयाचें आहे, आणि बसची संख्या न वाढवितांहि फेऱ्या वाढूं शकतात हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. एका बसला जाऊन-येऊन दोन तास लागत असतील तर आठ तासांच्या पाळींत तिच्या चार फेऱ्या होतात. रस्ता मोकळा होऊन तेंच अंतर दीड तासांत कापलें तर तीच बस, तोच चालक, तोच वाहक पांच फेऱ्या करतो आणि वर अर्धा तास उरतो. म्हणजे गर्दी हटविणें हाच बसगाड्या वाढविण्याचा स्वस्त मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणांतहि, वाहनें नव्हे तर माणसें हलविणें हें ध्येय असावें आणि रस्त्याची जागा त्या दृष्टीनें वांटावी, असें स्पष्ट म्हटलें आहे. कागदावर आपण शहाणे आहोंत. कमतरता आहे ती कागदावरून रस्त्यावर उतरण्याची.

चौथा आक्षेप मी हात जोडून ऐकतों, कारण तो अनुभवाचा आहे: 'पैसा घेतील आणि खातील.' कोल्हापूरकरांनीं शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध वर्षानुवर्षें जो लढा दिला, आणि ज्यांत प्रा. एन. डी. पाटील ह्यांच्यासारखे निःस्पृह वृद्ध नेते रस्त्यावर उतरले, तो कांहीं कंजूषपणाचा लढा नव्हता. ठेकेदारानें किती खर्चिलें, किती मिळविलें, किती दिवस मिळवावयाचें, ह्याचा पत्ता नागरिकांस नसावा ह्याविरुद्ध तो होता. त्या रागाचा आदर करूनच मी म्हणतों कीं मार्गमूल्य ठेकेदाराच्या हातीं देऊं नये. तें सार्वजनिक प्राधिकरणानें गोळा करावें, तें बस, पादचारी मार्ग व लोकलची स्थानकें ह्यांखेरीज कोठेंहि खर्चूं नये असें कायद्यांत लिहावें, आणि दरमहा किती आले व कोणत्या मार्गावर किती बस वाढल्या हें प्रत्येक थांब्यावर लावावें. ज्या दिवशीं हा फलक दिसणार नाहीं त्या दिवशीं पुन्हां आंदोलन करण्याचा अधिकार लोकांस आहे, आणि त्या दिवशीं मीहि त्यांत येईन.

शेवटचा आक्षेप तर्काचा नसून परंपरेचा आहे, आणि तो आमच्या शहराच्या इतिहासांतूनच निघतो. १८४० च्या दशकांत माहीम आणि वांद्रें ह्यांच्यामधील खाडीवर मार्ग बांधला गेला, तो लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या दानानें. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घेतां कामा नये अशी अट त्या थोर स्त्रीनें घातली होती. मोफत रस्त्याचे कैवारी ही गोष्ट अभिमानानें सांगतात, व ती आहेहि अभिमानाची. परंतु त्या अटीचा अर्थ समजून घ्यावा. त्या वेळीं खाडी नावेनें ओलांडावी लागे, आणि तींत जीवास धोका असे. त्या दानशूर बाईंनीं मार्ग मोफत ठेवला तो ज्याला पलीकडे जाण्याची गरज आहे पण ऐपत नाहीं त्याच्यासाठीं. आज त्याच माहीमच्या मार्गावर सकाळीं उभें राहून पाहावें. पलीकडे जाण्याची गरज असलेला पण ऐपत नसलेला मनुष्य बसमध्यें अडकून उभा आहे, आणि त्याची वाट ऐपतदारांच्या मोटारींनीं अडविली आहे. आवाबाईंच्या अटीचें पालन करावयाचें असेल तर मोफत करावी ती बस. मोटारीसाठीं त्यांच्या पुण्याईचा आधार घेऊं नये.

मग करावें काय? माझी सूचना लहान आहे. स्टॉकहोमप्रमाणें सहा महिन्यांचा प्रयोग करावा. पांच प्रवेशनाके, किनारी रस्ता, दक्षिण मुंबईचा कचेऱ्यांचा भाग आणि वांद्रे-कुर्ला संकुल, एवढ्याच ठिकाणीं, कामाच्या दिवशीं, सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत मोटारींवर आकार ठेवावा; दुपारीं, रात्रीं व सुटीच्या दिवशीं कांहीं घेऊं नये. आधींच्या तीन महिन्यांत बसगाड्या वाढवाव्या आणि बसभाडें पूर्वीच्या ५ रुपयांवर आणावें. सहा महिन्यांनंतर आकार थांबवावा, महिनाभर जुनी गर्दी पुन्हां अनुभवूं द्यावी, आणि मग नागरिकांस विचारावें. हा प्रयोग फसला तर सहा महिन्यांची खटपट वायां गेली इतकेंच होईल. न केला तर मात्र आणखी एक पूल, आणखी एक भुयार, आणखी एक किनारी रस्ता हा क्रम ठरलेलाच आहे, आणि त्याच्या बिलावर सही आपल्या नातवंडांची असेल.

पत्नीच्या प्रश्नाचें उत्तर आतां मला देतां येतें. टोलचे वाचलेले पैसे कोठेंच वाचले नव्हते. नाका मोफत झाल्यावर थोड्याच दिवसांत मला महाविद्यालयास पोंचावयास पूर्वीइतकाच वेळ लागूं लागला, आणि ४५ रुपयांचें पेट्रोल रांगेंत जळूं लागलें. बाईंचे अडीचशें रुपये मात्र खरोखरच गेले होते. ते आम्हीं भरून दिले म्हणून त्यांच्या घरापुरता प्रश्न मिटला. परंतु त्या बसमध्यें त्यांच्या शेजारीं उभ्या असलेल्या उरलेल्या एकोणपन्नास जणांच्या मालकिणींनीं ते भरून दिले कीं नाहीं, हें मला माहीत नाहीं; आणि शहराचा कारभार मालकिणींच्या भलेपणावर चालावा हेंहि मला मान्य नाहीं. पेढे वाटणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं पुढचा पेढा बसचें भाडें उतरेल त्या दिवशीं वाटावा. त्या दिवशीं नाक्यावर माझ्याकडून ४५ च्या जागीं ९० घेतले तरी मी दोन पेढे खाईन.